दिनूभावजींचा शनिवार

शनिवार, १७ जाने.
सामान आलं: साबुदाणा १ किलो ७०, भगर अर्धा किलो ६०, शेंगदाणे ४०, कापूर २०, मारुतीला तेल १०. एकूण २००. रुईची पानं मोकळ्या प्लॉटवरची, फुकट.
दुपारी ओट्याशी डोळ्यापुढं अंधारी. मेघना (सून) नुकतीच शाळेतून आलेली, तिनंच धरलं. डॉक्टर म्हणाले, साखरेची गोळी घ्यायची आणि पोट रिकामं ठेवायचं, हे जमणार नाही. फी ३००. साबुदाण्यापेक्षा महाग पडला उपवास.
मेघना म्हणाली, "आई, आता बंद करा हा शनिवार."
शनिवार म्हणजे काय नळ आहे का बंद करायला. आणि तो माझा नाहीच. आत्याबाईंचा. माझ्या सासूबाई, सोयगावला मोठ्या जाऊबाईंजवळ असतात. धाकटे दीर दिनूभावजी बारावीनंतर "येतो" म्हणून निघाले ते निघालेच. ते परत येईस्तोवर धरलेला शनिवार. आत्याबाईंचं वय झालं तेव्हा नारळ-खण देऊन माझ्या ओटीत घातला. तिकडं रात्री दाराला अजून कडी नसते, नुसतं लोटून ठेवतात.

रविवार, १८
मेघनाला उद्या वर्गात इंग्रजीचा धडा शिकवायचा. एकाच अर्थाचे शब्द: क्लोज, शट, एंड, फिनिश. आपल्यात कसं म्हणतात ते विचारत होती. सांगितलं. दार लावतात. डोळे मिटतात. खड्डा बुजवतात. दिवा शांत करतात. दुकान वाढवतात, बंद म्हणायचं नाही. पोथीची समाप्ती. व्रताचं उद्यापन.
ती म्हणाली, इंग्रजीत दार क्लोज पण चालतं, शट पण, फक्त शट जरा धसमुसळं. रस्ता एंड होतो, जेवण फिनिश होतं. ह्यांनी पेपरातून मान वर न करता विचारलं, बायकोचं बोलणं काय होतं. मेघना म्हणाली, त्याला शब्द नाही बाबा.
उद्यापनाला काय म्हणाल विचारलं तर कम्प्लीट म्हणाली. कम्प्लीट कसं...

मंगळवार, २०
हळदीकुंकवाच्या वाणाला चहाच्या गाळण्या, डझन १८०. ठीक आहेत.
मेघनानं मला न विचारता गुरुजी ठरवले. येत्या शनिवारी उद्यापन, पाच जणांचं जेवण. म्हणे तुम्हीच म्हणालात, बंद नसतं, उद्यापन असतं. माया आहे, पण घाई फार. सोयगावचा फोन आला तेव्हा जाऊबाईंनाही सांगून मोकळी झाली. मी तेव्हा देवळात होते.
उद्यापन नवस फळल्यावर करतात, हे हिला कोणी सांगितलेलं नाही. मीही नाही.

गुरुवार, २२
आलं: सोयगावहून पिशवी, तिकडल्या एका बाईंबरोबर. गूळ, तीळ, बाजरीचं पीठ. खर्च काही नाही. तळाशी नवा शर्ट, रेडिमेड, आकाशी, बारीक अंगाचा. किमतीची चिठ्ठी फाडलेली.
मग जाऊबाईंचा फोन. शनिवारचं उद्यापन ऐकलं आणि आत्याबाईंनी ताडलं, दिनू सापडला. गल्लीत गूळ वाटला. काल रात्री स्वतः उठून दाराला कडी घातली.
मेघना शर्ट बघून खालीच बसली. रडली. तिला रागावले नाही. काय म्हणून रागावू.
हे शर्ट मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "मापात चुकली आई. आता माझ्याएवढं पोट सुटलं असंल त्याचं."

शुक्रवार, २३
गुरुजींना नको म्हणून कळवलं. पाच जणांना पण.
हे म्हणाले, मी जातो, समोर बसून सांगतो. सकाळी शर्टाची पिशवी घेऊन निघाले. बाराला परत. स्टँडवर सोयगावची गाडी लागली होती म्हणे, पण ह्यांना चढवेना. मी जेवायला वाढलं.
आत्याबाईंना फोनवर ऐकू येत नाही. जाऊबाईंना म्हटलं, तुम्ही सांगा. त्या म्हणाल्या, "मी नाय सांगणार. दोन दिसापासून हसून बोलतीय म्हातारी. तू मॅट्रिक झालीस, तूच लिही. तुझं अक्षर तिला लागतं."

शनिवार, २४
आज गोळी, दूध, दोन केळी. अर्धा उपवास. मारुतीला जसं आहे तसं सांगितलं.
मेघना देवापाशी आली, म्हणाली, "आई, मी धरते शनिवार. माझ्या ओटीत घाला." नारळ घरात होता. तरी हात पुढं झाला नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा भावजींचा फोटोही भिंतीवरून उतरवलेला होता. तिनं त्यांना पाहिलेलंच नाही.
अंतर्देशीय पत्र लिहिलं. संध्याकाळच्या आत पेटीत टाकायचं. लिहिलं ते असं:

ती. आत्याबाईंना सा. नमस्कार.
दिनूभावजी आलेले नाहीत. त्यांची काही खबरही नाही. मला साखरेची गोळी चालू आहे, डॉक्टरांनी उपवास नको म्हटलं, म्हणून घरात उद्यापनाचं बोलणं निघालं. पोरीला रीत ठाऊक नव्हती. सांगायचं काम माझं होतं. उद्यापन केलेलं नाही.
शर्ट कपाटात वरच्या खणात, डांबरगोळी घालून ठेवला आहे.
शनिवार तुम्ही दिला, तुमच्या शब्दाशिवाय मी तो उठवणार नाही. होईल तसा अर्धामुर्धा मी करीन. सून मागते आहे, तिला द्यायचा तर देईन. का आता मारुतीला नारळ देऊन थांबायचं. तिन्हीला माझी तयारी आहे. दाराच्या कडीचं मी काही बोलत नाही, ते घर तुमचं.
गोळ्या वेळेवर घ्या. जाऊबाईंना बोल लावू नका.
पुढचा शनिवार आठ दिवसांवर आहे. दुसऱ्याकडून लिहवून नको, तुमच्या हातच्या दोन ओळी उलट टपाली कळवा.