हौसाला दिलेलं मलम

८ ऑगस्ट १९५८, कोळवण
आज पौडला जाऊन आले. अर्धी वाट चालत, अर्धी एका बैलगाडीतून. कमरेवर नेसूच्या गाठीखाली तीन आठवडे जे वळं वाढतंय ते गजकर्णच. डॉ. म्हणाले, पावसाळ्यात ओली लुगडी नेसून दिवसभर शाळेत उभं राहिल्यावर दुसरं काय होणार. मलमाची काचेची डबी दिली. धुवायचं, अगदी कोरडं करायचं, मग बोटाने पातळ लावायचं, सकाळ-संध्याकाळ. कडेबाहेर थोडं. फुटलेल्या कातडीला नाही, डोळ्या-तोंडाजवळ नाही, वर पट्टी बांधायची नाही. दिसेनासं झालं तरी पुढे दोन आठवडे लावायचं. "आणि दुसऱ्या कुणाला देऊ नका." मान हलवली.

लाज वाटते. तिसरीच्या मुलांना रोज नखं दाखवायला लावते मी.

१३ ऑगस्ट
चुलीवरच्या दोरीवर कपडे वाळवते. सगळ्याला धुराचा वास, पण कोरडे. खाज कमी. पहिले दोन दिवस चुरचुरलं, आता नाही. घरमालकीण तान्हूमावशींनी विचारलं, "मास्तरीणबाई, कंबर दुखतीया का?" हो म्हटलं.

१७ ऑगस्ट, रविवार
हौसाने पाहिलं. मावशींची सून, एकोणीसची असेल. नवरा पुण्याला लाकडाच्या वखारीत, महिन्यातून एकदा येतो. मी मलम लावत होते, दार नीट लागलं नव्हतं. ती सरळ आत आली. "बाई, मलाबी झालंय. हितं." डाव्या छातीखाली. लाल, ओलसर. मी नीट बघितलं नाही, संकोच वाटला. तिलाही.
म्हटलं, डॉक्टरांकडे चल.
"पुरुष डाक्टर? आत्याबाई जीव घेतील माजा."
डबी दिली. म्हटलं, पातळ लाव, कोरडं करून लाव.
एवढंच म्हटलं.

१९ ऑगस्ट
हौसा खूष. "लई बरं वाटतंय. आग होती, पण खाज न्हाई." डबी निम्मी रिकामी! एवढं कसं गं? तर भरपूर थापते आणि वर फडकं घट्ट आवळते, चोळीला लागू नये म्हणून. म्हटलं, असं नको करू. हसली.

२० ऑगस्ट
सगूचं रडणं सकाळपासून. हौसाची पोर, चार महिन्यांची. दूध पिते, ओकते, परत रडते. शाळेत निघताना मावशी तिला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या घालत होत्या.

२१ ऑगस्ट
संध्याकाळी पोरीला जवळून पाहिलं. ओठांभोवतीची कातडी सोलल्यासारखी, जीभ लालभडक. अंगठा तोंडात घेते नि किंचाळते.
मला तिथेच कळलं. 
हौसा पाजते, मलम पोरीच्या तोंडात जाणार, हे मी विसरले कशी? रोज तर बघते मी.
हौसाला मागच्या दारी गाठलं, म्हटलं, ते धुऊन टाक, आत्ताच्या आत्ता, परत लावू नको. डबी काढून घेतली. तिने का म्हणून विचारलं नाही. तिलाही कळलं असावं. "बाई, आत्याबाईंना सांगू नका. माज्या गळ्याची आन हाय."
मला बरं वाटलं ती असं म्हणाली म्हणून. हे इथे लिहून ठेवते.

२२ ऑगस्ट
मावशींचा निकाल: हौसाचं दूध बाधलं. "तिच्या आईचंबी असंच व्हतं, दोन पोरं गेली तिची." पोरीला छातीपासून तोडली. गाईचं दूध, बोळ्याने. हौसाला दुपारच्या एस्टीने उरवड्याला माहेरी धाडलं, एकटीला. जाताना चोळी पुढून ओली झाली होती.
मी वर्गात उजळणी घेत होते. खिडकीतून दिसली ती रस्त्याने. हाक मारली नाही.

२३ ऑगस्ट
सगू बोळा थुंकते. मावशी डोळे पुसतात नि पुन्हा बोळा धरतात. रागीट बाई, पण या पोरीसाठी कालपासून जेवलेली नाही.
मी सांगितलं तर खोली जाईल. गावात दुसरी खोली नाही. शाळेत एकटी बाई मी, उद्या पालक म्हणतील—
नको. हे लिहायचं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार
पौडला गेले. दवाखाना बंद, डॉ. मागच्या खोलीत राहतात. सगळं सांगितलं. डॉ. म्हणाले, "डबीवरच्या कागदावर तुमचं नाव होतं ना?" हो. "ते मलम कातडी सोलण्यासाठीच असतं. तुमच्या कमरेला ठीक. पाजत्या बाईच्या छातीला? आणि तिला गजकर्ण होतं हे कुणी ठरवलं?" मी. "पोर कुठे आहे? उद्या घेऊन या. दूध पीत नसेल तर आजच."
चार वाजता अंगणातच मावशींना सांगितलं, सरळ. हौसा माझ्यासाठी गप्प बसली हेही.
त्या तांदूळ निवडत राहिल्या. मग, "तुमी शिकल्याल्या. तुमच्या हातचं म्हून तिनं लावलं."
ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२५ ऑगस्ट
रात्री सगूने थोडं दूध घेतलं, म्हणून सकाळपर्यंत थांबलो. रजेचा अर्ज. गाडी जुंपून पौड. मावशी, सगू, मी. डॉ.नी तोंड तपासलं. वरवरचं आहे, भरेल. पण पोर सुकली आहे, आईला बोलवा. मावशींनी विचारलं, "म्हंजी तिच्या दुधात काय न्हवतं?"
"दूध चांगलं आहे. औषध चुकीच्या जागी गेलं."
घरी गाडीतून उतरताना मावशी म्हणाल्या, "उद्या मी जाते उरवड्याला."
माझी कंबर पाहून डॉ. रागावले. गुरुवारपासून लावलंच नव्हतं, डबीकडे बघवत नव्हतं. कडा पुन्हा लाल. "स्वतःला शिक्षा म्हणून रोग ठेवायचा नसतो."

२६ ऑगस्ट
मावशी पोरीला घेऊन उरवड्याला. तिथून हौसासह परस्पर पौड. डॉ.नी तिला तपासलं, मावशी हात धरून शेजारी उभ्या होत्या म्हणे. गजकर्ण नाहीच, घामाच्या ओलाव्याची वेगळीच बुरशी. जांभळं पातळ औषध दिलंय, पाजण्याआधी पुसून धुवायचं. उजवी बाजू साफ आहे, तिकडे पाजायचं. हे सारं हौसाने सांगितलं, अंगणातून, आत न येता.
दूध कमी झालंय तिचं. चार दिवसांत.

२८ ऑगस्ट
सगूचे ओठ भरत आलेत. पण छातीला लावलं की तोंड फिरवते. भाजलं होतं तिला तिथे, कशी विसरेल.
मी सकाळ-संध्याकाळ मलम लावते. धुऊन, कोरडं करून. हात दोनदा धुते, डबी पेटीत, कुलूप.

३० ऑगस्ट
शाळा सुटल्यावर आले तर मधल्या खोलीत हौसा भिंतीला टेकलेली, मांडीवर सगू. मावशी पुढ्यात बसून हौसाचं दूध थेंब थेंब पोरीच्या ओठांवर पिळत होत्या. पोर रडत होती. मी उंबऱ्यात थांबले. विचारलं, "मी काही करू?"
मावशींनी वर पाहिलं नाही. "तुमी भाईर बसा, बाई."
बाहेर बसले. खोली सोडा म्हणाल्या नाहीत अजून. राहा असंही नाही.
थोड्या वेळाने रडणं थांबलं. पोरीने धरलं, की दमून झोपली, कळेना. विचारायला आत जावं असं वाटलं. गेले नाही.