मोटरीपुरती जागा

शनिवार, १४ मार्च
दुपारचे तीन

प्रिय भावजी,

सप्रेम नमस्कार.

वहिनीचं अक्षर पाहून पाकीट बाजूला टाकू नका. आधी वाचा, मग काय चिडायचं ते चिडा. तुम्ही बरे असालच. जाऊबाईंचा गुडघा कसा आहे? तुम्ही दुरुस्त करता त्या लिफ्टा अजून मध्येच अडकतात, की लोक कंटाळून जिनेच चढायला लागले? आम्ही इकडे मजेत.

मजेत म्हणजे काय, चाललंय. माझं शिवणकाम सुरू आहे. तुमच्या दादांचा उजवा हात मात्र थरथरतो. कप बशीवर वाजत राहतो. डॉक्टर म्हणाले, बोटं चालती ठेवा, पण हे थांबणारं नाही, वाढतच जाईल. म्हणून मीच माळ्यावरून प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचे डबे खाली काढले, चार वर्षांनी.

काय बांधायला घेतलं असेल, सांगा बघू? ती हिरवी गाडी! मामंजी ज्या साहेबांकडे ड्रायव्हर होते, त्यांची. तुम्ही दोघं भाऊ जी धुवायचात आणि जिच्यात बसायची तुम्हाला परवानगी नव्हती. एका जुन्या फोटोवरून सगळी मापं काढली. बसच्या कारखान्यात तीस वर्षं आराखडे काढलेला माणूस, सुधारणार थोडाच! एकेक ठोकळा बसवायला पाच मिनिटं लागतात. निम्मे हातातून पडतात, ते मी टेबलाखाली रांगत शोधते. पण दारं उघडतात, बॉनेट उघडतं, आत सीटसुद्धा आहेत.

फक्त पोट रिकामं. बरोबर मोटर आणि बॅटरीचा डबा मावेल एवढी जागा. मोटर ड्रॉवरमध्ये पडून होती, वरचं पाकीटही फोडलेलं नाही. मी विचारलं, बसवत का नाही? तर म्हणाले, "ते माझं काम नाही." मग कुणाचं, हे मी विचारलं नाही. यांनी गाडी बांधायची आणि तुम्ही ती चालती करायची, हे मला का माहीत नाही?

महिना झाला, गाडी तशीच. टप काढून कपाटावर ठेवलेला, कारण मोटर बसल्याशिवाय तो लावायचा नाही. अन् गेल्या आठवड्यात यांना शर्टाचं बटण लावता येईना. मला धडकीच भरली. म्हटलं, बोटं ऐकतायत तोवर हा टप यांच्याच हातांनी बसला पाहिजे. बसले मीच मोटर घेऊन. चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलंय, ही एवढीशी मोटर काय माझं ऐकणार नाही? दोन दुपारी घालवल्या. मग यांना समोर बसवलं आणि पुढे जायचं बटण दाबलं. गाडी जी सुसाट मागे गेली, ती टेबलावरून थेट यांच्या मांडीवर!

मागच्या दोन चाकांमधला गिअर मी उलट्या बाजूने बसवला होता म्हणे. हे इतके हसले, इतके हसले, की ठसका लागला. "असलं काम त्याने झोपेतसुद्धा केलं नसतं," म्हणाले. चार वर्षांत तुमचा विषय पहिल्यांदा यांच्या तोंडून निघाला, भावजी. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

दोन पानं झाली तरी मी मुद्द्यावर येत नाहीये. आता येते.

चार वर्षांपूर्वी ठोकळ्यांच्या त्या प्रदर्शनाच्या सकाळी तुम्ही न विचारता यांनी बांधलेल्या ठोकळ्यांच्या बसचा टप उचकटलात आणि त्यात बॅटरीचा डबा बसवलात. हे चारचौघांत तुम्हाला नाही नाही ते बोलले. तुम्ही तडक निघून गेलात. इथवर चूक तुम्हा दोघांची. पण चार महिन्यांनी तुम्ही फोन केलात, तो मी उचलला आणि सांगितलं, "त्यांना तुमच्याशी बोलायचं नाही." हे तेव्हा बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. मी यांना विचारलंच नव्हतं. फोन आला होता हेही सांगितलं नाही.

का? वाईट दिसेल, पण खरं सांगते. दर रविवारी तुम्ही दोघं टेबलावर डोकी घालून बसायचात आणि मी आपली चहा देणारी. भांडणानंतर रविवार माझे झाले. आम्ही दोघं फिरायला जायला लागलो. मला ते सोडवेना. हे बरोबर चालायचे खरे, पण बोलायचे नाहीत. काय केलं ते मला कळत होतं, कबूल करायची हिंमत होत नव्हती. मला माफ करा.

आज सकाळी यांना सगळं सांगून टाकलं. वाटलं, घर डोक्यावर घेतील. पण नुसता कप पुढे घेऊन बसले. चहा गार होऊन गेला. मग उठले, कपाटावरचा टप दोन्ही हातांनी खाली घेतला, गाडीवर ठेवला आणि एका बोटाने अलगद उचलून दाखवला. या वेळी काही उचकटावं लागणार नाही. पहिल्या दिवसापासून तसाच बांधलाय.

मी म्हटलं, "भावजींना पत्र लिहितेय. तुमच्यातर्फे काय लिहू?"

खूप विचार केला आणि म्हणाले, "लिही, तो गिअर मी उलटा बसवलेला नाही. त्याच्या वहिनीने बसवला."

त्यांचा निरोप एवढाच आहे. शब्दन् शब्द कळवला. मोटर काढून परत ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. पुढच्या रविवारी टेबल मोकळं ठेवते. या वेळी तिसरी खुर्ची माझीही असेल. चहा आपापला घ्यायचा.

अजून म्हणू देणार असाल तर,
तुमची वहिनी