पावाने पुसलेला टोबी

३ मार्च १८५६, सोमवार
आज दीड पाव युद्धात कामी आला. कोळशाची रेघ पुसायला ह्यांना पावाचा मऊ गर लागतो. घरात उरल्या कडा. ईस्टरपूर्वीचे उपासाचे दिवस आहेत, म्हणून तक्रार नाही — असं देवाला सांगितलं.

हे लढाईची चित्रं काढतात. लढाई पाहिलेली नाही. बोटीत पाय ठेवला की ह्यांना उलट्या होतात. क्रिमियातली टेकडी म्हणजे आमचा सोफा. मेलेला घोडा म्हणजे माझी परांची गादी, दोरीने आवळलेली. मोठ्या चित्राआधीचं हे रेखाटन शनिवारी चित्र मागवणाऱ्या पलटणीच्या मंडळापुढे जायचंय. मंजूर झालं की त्यातला माणूस न माणूस तसाच रंगवायचा.

रेखाटनात डावीकडून तिसरा माझा धाकटा भाऊ, टोबी. साधा शिपाई. त्याच टेकडीवरच्या लढाईत गेला. थडगं नाही, तसबीर नाही. आईला ह्यांनी शब्द दिलाय, "टोबी अगदी पुढे राहील." त्याचे डोळे माझ्याकडे बघून काढले. दोघांचे सारखेच.

४ मार्च
पलटणीचे कर्नल ब्रॅमफील्ड आले. त्यांना चित्रात पुढे यायचंय, घोड्यासकट. त्यांची जागा टोबीच्या अंगावरच निघाली. टोबीला पुसून मागे धुरात उभा केला. नुसती टोपी दिसते.
"जागा बदलली, एवढंच, हॅरिएट," हे मला म्हणाले.
मग मिशा पाच वेळा पुसल्या. कर्नलसाहेबांना त्या शूर दिसेनात. कोळसा कागदातून नीट निघत नाही म्हणून हे पावावरच करवादले. पाव काय करणार? मिशाच तशा.

५ मार्च
देवळात गेले. मन लागलं नाही. प्रभूपुढेही ती टोपीच दिसत होती.

६ मार्च, गुरुवार
पेग्लर आला. टोबीच्या तुकडीतला, एक पाय क्रिमियात ठेवून आलेला. ह्यांना मेलेले शिपाई काढायला नमुना हवा होता. गालिच्यावर पडला, पण तोंड चालूच.
"बाईसाहेब, मेल्यावर पाठीत अशी उसण भरत नाही हो."
"मेलेला माणूस बोलत नाही," हे म्हणाले.
"चहा तरी कुठे पितो, साहेब? मी प्यायलो ना, मग बोलूही द्या."
उठताना त्याने रेखाटन पाहिलं.
"हे कधी आले?"
"कोण?"
"कर्नलसाहेब. त्या दिवशी ते बंदरात होते, गलबतावर. पोट बिघडलं होतं. आणि घोडा कुठला चढतोय, चिखल गुडघ्याएवढा." मग माझ्याकडे वळून, "तिथे तुमचा टोबी होता, बाईसाहेब. निशाण पडलं, ते त्याने उचललं. शेवटपर्यंत धरून होता."
हे कोळशाचं टोक घासत बसले. मग म्हणाले, "चित्राला उंची लागते, पेग्लर. घोड्याने उंची येते."
"येते की," पेग्लर म्हणाला. "खाली माणूस असला की आणखी येते."

७ मार्च
कर्नलसाहेब पुन्हा. माझं आठवड्याचं लोणी एका बैठकीत. तोंड पुसत म्हणाले, "घोड्याच्या शेपटीमागे ती कुणाची टोपी? शोभत नाही."
ह्यांनी पाव मागितला. मीच आणून दिला.
टोपी गेली.
"तुम्ही आईला शब्द दिलाय," मी म्हटलं.
"आईंना सांगू, तो धुरात आहे."
जेवायला हे कर्नलसाहेबांकडे निघाले. दारातून म्हणाले, "उद्या सकाळी कागदावर साय काढलेलं दूध तेवढं फवारून दे. एकदा सुकलं की कोळसा हलत नाही. मी उशिरा उठेन. रेखाटन न्यायला गाडीवाला नऊला येईल."

८ मार्च, शनिवार
न्याहारीचा माझा पाव मी खाल्ला नाही. त्याने कर्नलसाहेब पुसले, घोड्यासकट. खाली टोबी होता. पुसट, पण डोळे तेच. दूध फवारलं. सुकेपर्यंत प्रार्थना केली. गाडीवाला वेळेवर आला, रेखाटन घेऊन गेला. हे अजून झोपलेत.