भाजणी कोणत्या ओळीत लिहू?

अण्णा,

तुम्हाला धंद्यातलं काही विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही, आणि आता विचारतेय तर तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. इथे विचारायला माणसं नाहीत असं नाही. आहेत, उत्तरंही देतात, पण उत्तर ऐकलं की मी आधीपेक्षा जास्त गोंधळते. तर आधी हे सांगते की मी पिठाची गिरणी चालवते. हसू नका. अमेरिकेत, सिएटलजवळच्या बॉथेलमध्ये, एका टायरच्या दुकानामागच्या गाळ्यात. जिला तुम्ही इंजिनियर केलंत, ती तुमची मुलगी चाळिशी उलटल्यावर नोकरी सोडून ज्वारी-बाजरी दळते, थालिपिठाची आणि चकलीची भाजणी करते, पाकिटं भरते. सहा वर्षं झाली. मशीन तुमच्या गिरणीतल्यासारखं नाही, कपाटाएवढं आहे आणि त्याचा आवाज फार होत नाही. पहिल्या आठवड्यात मला ते बंदच आहे असं वाटायचं.

लोकांना पीठ आवडतं. पुण्याच्या, नागपूरच्या, मुंबईच्या बायका चाळीस-चाळीस मिनिटं ड्राइव्ह करून येतात आणि भाकरीला चीर नाही गेली की फोटो पाठवतात. पहिली काही वर्षं मी फक्त त्यांनाच विकत होते तेव्हा ठीक चाललं होतं. मग मला वाढायची हौस आली. आसपासच्या भारतीय किराणा दुकानांना माल द्यायला लागले. ढीगभर पीठ जातं आता, पण पाकिटामागे सुटतं फार थोडं. त्यात मागच्या वर्षी ज्वारी महागली, मशीनची मोटर गेली, आणि वर्षाच्या शेवटी काही उरलं तर नाहीच, घरातून घालावे लागले. आमचे टॅक्सचे कागद एक मुलगी करते, ओळखीतल्या काकूंची मुलगी, इथेच जन्मलेली. तिला मी म्हटलं, बाई, एक तरी बरं, तोटा झालाय म्हणजे यंदा टॅक्स नाही. तिने कागद बाजूला ठेवले.

"मावशी, प्रॉफिटशी याचा संबंधच नाही. हा स्टेटचा टॅक्स ग्रॉसवर आहे. जेवढे पैसे आले, तेवढ्यावर."

"अगं पण आले तसे गेले ना. ज्वारीवाल्याला गेले, भाड्याला गेले."

"आय नो. तरी द्यायचा."

तिने मला समजावलं, एकदा नाही, तीनदा. या राज्यात पगारावर राज्याचा इन्कम टॅक्स नाही. नोकरीत होते तेव्हा मीही त्यावर खूश होते. पण रस्ते, शाळा यांना पैसे लागतातच, त्यातले काही धंद्यांकडून असे येतात, गल्ल्यात आलेल्या सगळ्या पैशांवर. दर तसा दिसायला किरकोळ आहे. लहान धंद्याला सूट मिळते, मलाही मिळत होती, पण मी वाढले म्हणून ती सूट गेली. आणि वाढले म्हणूनच तोटाही झाला. हे मी तिला बोलून दाखवलं तर ती म्हणाली, येस, दॅट हॅपन्स. अण्णा, पुढे ऐका. मी पीठ बनवते म्हणून टॅक्सच्या फॉर्मवर एका ओळीत लिहायचं, तेच पीठ विकते म्हणून दुसऱ्या ओळीत लिहायचं, मग एकाच मालावर दोनदा टॅक्स नको म्हणून खाली एकदाचं वजा करायचं. पुढे किराणावाला तेच पाकीट विकतो तेव्हा तो त्याच्या गल्ल्यावर वेगळा भरतो. आणि गव्हाचं पीठ करणाऱ्यांना निराळी ओळ आहे, दर कमी. ज्वारीला ती ओळ नाही. मग मी विचारलं, थालिपिठाच्या भाजणीत थोडा गहू असतो, ती कोणत्या ओळीत लिहू? ती हसायला लागली. अण्णा, मी गंमत करत नव्हते, मला खरंच कळत नव्हतं.

त्या दिवशी घरी येताना मला आपली गिरणी आठवली. मी सात-आठ वर्षांची असेन. दिवाळीच्या आधीचे दिवस, डब्यांची रांग पार पिंपळापर्यंत गेलेली, आणि मी शेजारच्या मुलीला ऐटीत सांगतेय की हे सगळं आमचं आहे. तुम्ही पट्टा बंद करून बाहेर आलात. मारलं नाहीत. एक भरलेला डबा माझ्या हातात दिलात आणि हा ज्यांचा आहे त्यांच्या घरी पोचवून ये म्हणालात. मी रडत, थांबत थांबत तो शाळेजवळच्या बाईंकडे नेऊन दिला. परत आले तर तुम्ही विचारलंत, "काय राहिलं तुझ्याकडे?" मी पिठाळलेले हात दाखवले. फ्रॉकही पांढरा झाला होता. "झटक आणि आत जा," एवढंच म्हणालात. धान्य लोकांचं, पीठ लोकांचं, आपली फक्त दळणावळ, दळायचे पैसे, हे मला तेव्हा कायमचं कळलं असं मी इतकी वर्षं समजत होते. आणि आता एक अख्खं राज्य मला सांगतंय की नाही बाई, रांग तुझीच आहे.

मग मला वाटलं, अण्णांसारखंच करू. त्या टॅक्सवाल्या मुलीला विचारलं, लोकांनी आपलं धान्य आणलं आणि मी नुसतं दळून दिलं, तर? ती म्हणाली, मग ग्रॉस म्हणजे फक्त तुझा दळायचा चार्ज. मला तर कोडं सुटल्यासारखं वाटलं. लगेच व्हॉट्सअॅपवर टाकलं, शनिवारी आपापलं धान्य घेऊन या. आले हो लोक. पहिल्यानेच गहू आणला. दुसरीने ज्वारी आणली आणि विचारलं, "मशीन ग्लूटेन-फ्री आहे ना? मुलाला चालत नाही." आपल्या गिरणीत आधीच्याचं मूठभर पीठ पुढच्याच्या डब्यात जायचं आणि कुणी ब्र काढायचं नाही. इथे मी मशीन उघडून, पुसून, झाडून पुन्हा जोडलं. त्यात दीड तास गेला. मग एकजण भाजलेले शेंगदाणे मिसळलेलं काहीतरी घेऊन आला, तेव्हा मी हात जोडले. दिवसभरात चार गिऱ्हाइकं झाली. म्हणजे आगीतून फुफाट्यात. कर वाचला खरा, पण तसं चालवलं तर गाळ्याचं भाडंही सुटायचं नाही. रविवारी सगळ्यांना सॉरी म्हणून मेसेज टाकला आणि परत पाकिटं भरायला बसले.

मला खरं तर रागावायचं आहे आणि कुणावर ते समजत नाही. टॅक्सवर रागवावं तर आकडा बघून वाटतं, एवढ्याने काही दुकान बुडत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं माझं झालंय का? पण मग वाटतं, बुडताना कुणी एक बादली पाणी आत ओतलं तरी त्याला काहीच म्हणायचं नाही का? त्यात गाळ्याची लीज संपत आली. मालकाला शुक्रवारपर्यंत सांगायचं होतं, आणखी तीन वर्षं की रिकामा करणार. नवरा चांगला आहे. त्याच्याच पगारावर हे चाललंय आणि त्याने कधी ऐकवलं नाही. त्याने जेवायच्या टेबलावर लॅपटॉप उघडून सगळं मांडलं. दुकानांना माल देणं थांबवलं तर सूट परत मिळते, पण मग भाडं निघत नाही. माल देत राहिलं तर भाडं निघतं आणि बाकीचं निघत नाही. तो म्हणाला, "मी नको म्हणत नाहीये. पण यात लॉजिक काय आहे, एवढं मला सांग."

हे ऐकून मला काय आठवलं ते तुम्हाला सांगायलाच हवं. मी इथे नवीन होते, पगार नवा होता, आणि रविवारचा फोन होता. तुमच्या गुडघ्यांचं दुखणं वाढलं होतं. गावात घरोघरी छोट्या चक्क्या आल्या होत्या, दुकानात पिठाच्या थैल्या आल्या होत्या. मी म्हटलं, "अण्णा, बंद करा आता. सुटतं काय त्यात?"  तुम्ही "बघू" म्हणालात. चार महिन्यांत गिरणी विकलीत. आई सांगायची, सकाळी आंघोळ करून, शर्ट घालून तयार होतात आणि मग ओट्यावर बसून राहतात. मला ते ऐकायला नको वाटायचं, मी विषय बदलायचे. त्यानंतर तुम्ही दोन वर्षं होतात. सुटत काय होतं, ते मी खरं जाणून घ्यायला कधी विचारलं नाही. तुम्हीही सांगितलं नाहीत. कदाचित तुमच्याकडेही उत्तर नसेल, आणि नसूनही तुम्ही तीस वर्षं रोज सहाला पट्टा चढवत होतात. हे मला आत्ता कुठे सुचतंय, आणि फार वाईट वाटतंय अण्णा.

शुक्रवारी मी सही केली. तीन वर्षांची. नवऱ्याने परत विचारलं नाही, पण त्याचा प्रश्न तसाच होता, आणि मला त्याला काहीतरी उत्तर देणं भाग होतं. मी म्हटलं, "अण्णा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं."  तुमच्या नावाला तो मान देतो. चहा करून आणला त्याने.

हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच लिहू शकतेय. तुम्ही काय सांगितलं असतंत, ते मला माहीत नाही. बहुधा बंद कर म्हणाला असतात, आणि मी ऐकलं नसतं.