एकाआड एक चार आरे

मंगळवार, ११ मार्च

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तुझं ऑफिस, तुझा तो जुना खोकला, सगळं जागच्या जागी असेल असं धरून चालते. फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मध्येच "असू दे गं ताई" म्हणतोस आणि माझी गाडी तिथेच अडते.

मधल्या खोलीत आता मीच सायकलची चाकं बांधते. बाबा खिडकीशी खुर्ची टाकून बसतात. दुपारी ऊन आत आलं की स्टँडवरचं चाक मी उगाच फिरवून सोडते. आऱ्यांच्या सावल्या भिंतीवरून, कपाटावरून, बाबांच्या सदऱ्यावरून फिरत राहतात. चाक कधी थांबलं ते आम्हा दोघांनाही कळत नाही, चहा मात्र गार झालेला असतो. लहानपणी तू त्या सावल्या धरायला भिंतीवर हात मारायचास. वंगणाचे हात, शहाण्या. ते डाग अजून आहेत.

आरे ओवताना बोटं आपली चालत असतात, एक वरून, एक खालून, आणि मी भलतीकडेच पोचलेली असते. आत्ताही तेच चाललंय. पाल्हाळ पुरे.

काल एका गिऱ्हाइकासाठी रिम कमी पडली. बाबा म्हणाले, "खिळ्यावरचं ते बाद चाक सोडव, त्याची रिम घे." तुझं चाक रे. अकरा वर्षं तिथेच टांगलेलं होतं. आरा रिमला आवळणाऱ्या निपलला चावी लावली आणि तशीच परत काढली.

तुला तो दिवस माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. बाबांनी रिमजवळ खडू धरला, चाक फिरवलं आणि खडूची रेघ एकाच जागी उमटली. केवढा तो आउट, चाक तेवढ्या जागी एका बाजूला ओढलेलं. "तुझ्या हाताला चाक कळत नाही. सोडून दे," म्हणाले. तू चाकं सोडलीस आणि घरही सोडलंस.

तो आउट तुझा नव्हता. चाक बांधून तू आंघोळीला गेला होतास, बाबा जरा आडवे झाले होते. मी चावी घेतली आणि वॉल्वच्या भोकापासून डावीकडचे, एकाआड एक, चार आरे अर्धा-अर्धा फेरा आवळले.

नऊ वर्षांची असल्यापासून मी त्या खोलीत निपल निवडत होते. रिमा पुसल्या, आरे मापले, पण अख्खं चाक पहिल्यांदा बांधायला मिळालं ते तुला. वर बाबा माझ्यासमोर म्हणाले, "आता मुलगा हाताशी आला." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. वाटलं, एक दिवस तू ओरडा खाशील, उद्या सांगून टाकू. दुसऱ्या दिवशी तुझी बॅग दारात होती आणि माझी दातखीळ बसली. मग चाकं माझ्याकडे आली. मला हवं होतं तेच झालं, बारक्या. लाज वाटते रे.

काल ते चार आरे तेवढेच सैल केले. फिरवलं. खडूला रिम कुठेच लागली नाही. बाबांनी डोळे मिटून एकेक आरा छेडला, सगळे एका सुरात. "हे कोणी बांधलं?" त्यांनी विचारलं.

"बारक्यानं. तेव्हाच." मग सगळं सांगितलं.

ओरडले असते तर बरं झालं असतं. "आणि मी त्याला सोडून दे म्हटलं," एवढंच म्हणाले. तेव्हापासून तेवढं एकच वाक्य चाललंय. जेवताना तेच, चष्मा पुसताना तेच. आज सकाळी म्हणाले, "मला त्याच्याकडे ने."

त्यांच्या गुडघ्यांना तुझे तीन मजले झेपणार नाहीत, पण ऐकत नाहीत. रविवारी येतोय आम्ही. मी त्यांना धरून वर आणीन, बेल वाजवीन आणि खाली जिन्यात जाऊन बसेन. दार त्यांच्यासाठी उघड. मला हाक मारायची की नाही, ते तू ठरव.

हाक मारलीस तर तुझीच,
ताई