मानसिंगचा अर्धा श्वास

नरसिंहपूर, १२ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. स्वरूपास,

दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. फोन आला की तुझी वहिनी कान टवकारते, म्हणून पत्र लिहून डाळिंबाच्या टेम्पोवाल्या सिद्धूकडे देतोय. सोनोग्राफीत उजव्या किडनीवर गाठ दिसली हे तिला अजून ठाऊक नाही. गाठ वाईट निघाली तर किडनी काढायची, आणि ते एमआरआयवर ठरेल, असं डॉक्टर म्हणाले होते. काल बारामतीला येऊन तो काढला, पण ठरलं काहीच नाही.

त्या नळकांड्यात मला सरकवलं आणि आतून एक बाई श्वास रोखायला सांगत होती. मी रोखला. आपल्याला तो कसा रोखायचा हे आईनंच शिकवलंय. आपला मधला भाऊ मानसिंग संगमावर बुडी मारायला गेला आणि वर आलाच नाही, तेव्हापासून आपल्या घरात नाकातोंडाशी पाणी आलं की आधी त्याचं नाव घ्यायचं. रोखलेला अर्धा श्वास त्याचा, असं ती म्हणायची. सवयीनं मी मशीनमध्येही मनात नाव घेतलं.

फोटोत माझ्या किडनीला खेटून आणखी एक किडनी आली, नेमकी गाठीवर. फोटो काढणारा पोरगा म्हणतो की तुम्ही श्वास घेतला. स्वरूपा, मी घेतला नाही. पण कुणीतरी घेत होतं, कानाजवळ. मी भ्यालो, हे तुलाच सांगतो.

तुझा,
हिंदुराव

बारामती, १५ नोव्हेंबर

ती. दादास,

सौ. स्वरूपाचा शि. सा. न. वि. वि. डाळिंबं पोचली. सासूबाईंनी चांगली मोठी आधीच बाजूला काढली!

मी सुट्टी टाकून डॉक्टरांना भेटले. ते म्हणाले, किडनीसाठी एमआरआय भरवशाचा असतो. गाठीत पाणी आहे की मांस, हे बहुतेक वेळा नीट कळतं. पण श्वास हलला की त्याच अवयवाची सावली शेजारी उमटते. अशा फोटोवरून कुणाची किडनी काढायची नाही आणि ठेवायचीही नाही. सोमवारी पुन्हा काढायचाय. कानाजवळचा श्वास तुझाच असणार. तू बसल्या जागी घोरतोस हे अख्ख्या गावाला माहीत आहे.

फक्त एक ऐक. या वेळी नाव घेऊ नकोस. मी हसून लिहितेय, पण माझ्याही अंगावर काटा आलाय.

वहिनीला काही बोलले नाही. माया असू दे.

तुझी,
स्वरूपा

नरसिंहपूर, १७ नोव्हेंबर

चि. सौ. स्वरूपास,

अनेक आशीर्वाद. तुझं ऐकायचं म्हणून आज घाटावर नाव न घेता बुडी मारून पाहिली. मी वर आलो, पण शेजारी पाण्यातून बुडबुडे येतच राहिले. शेवटी त्याचं नाव घेतलं, तेव्हा थांबले. मासा असेल, असं घाटावर बसलेले कुंडलिक तात्या म्हणाले. असेलही.

उद्या येतो, पण नाव सोडणार नाही. एक किडनी गेली तर गेली. त्याला पुन्हा पाण्याखाली टाकून मी एकटा वर यायचं, हे माझ्यानं होणार नाही. रागावू नकोस, पोरी.

तुझा,
हिंदुराव

बारामती, २० नोव्हेंबर

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. आधी आनंदाची बातमी. गाठ म्हणजे साधी पाण्याची पिशवी आहे. या खेपेचे फोटो स्वच्छ आले, डॉक्टरांना शंका उरली नाही. किडनी काढायची नाही. मी रिपोर्ट हातात घेऊन दवाखान्याच्या पायरीवर रडले. आता वहिनीला सगळं सांग आणि मुकाट्यानं बोलणी खा.

तुझ्याऐवजी मी नाव घेईन म्हटल्यावर सोमवारी शेवटी माझा शब्द मानलास, हे तुझे उपकार. मशीनजवळ धातू चालत नाही म्हणून मंगळसूत्र, जोडवी काढून मी तुझ्या पायांशी बसले आणि नाव घेत राहिले. तेवढा वेळ माझा श्वास मला पुरत नव्हता. तू दमलीस का म्हणून विचारलंस, तेव्हा खोटं बोलले.

रिपोर्ट घेताना मी डॉक्टरांना पहिला फोटो पुन्हा दाखवायला लावला. सावली असेल तर ती मूळ किडनीएवढीच हवी, असं ते समजावत होते, आणि बोलता बोलता थांबले. शेजारची किडनी लहान होती, दादा. त्यांनी मोजली. एवढी लहान मुलाची असते, म्हणाले. मग मशीनही कधी चुकतं, म्हणून तर पुन्हा काढतो, असं म्हणून त्यांनी पडदा बंद केला. आपला मानसिंग गेला तेव्हा चौथीत होता.

मी नाव सोड म्हणाले होते, ते विसर. आईचं म्हणून आपण नुसतं पाळत आलो. पण तो अर्धा श्वास तो खरंच घेतो. घाटावर जाशील तेव्हा त्याचं नाव घे, आणि त्याच्यापुरता श्वास ठेवून लवकर वर ये.

आपल्या तिघांचा लोभ असाच राहू दे.

तुझी,
स्वरूपा