ताईच्या गावातलं हॉटेल

दि. ६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. दुकानात सध्या गर्दी आहे. परीक्षा जवळ आल्या की गावातल्या पोरांना एकाएकी फळा दिसेनासा होतो, त्यामुळे चष्मेवाल्याचे बरे दिवस चालू आहेत.

मोठी बातमी अशी की आई शेवटी प्रवासाला तयार झाली. एकतीस वर्षं तिनं वर्गात राज्याच्या नकाशावर छडी फिरवली. किनारा निळ्या रंगात, डोंगर तपकिरी, कोरडा माळ पिवळा. त्यातलं एक ठिकाणही तिनं डोळ्यांनी बघितलेलं नाही. लेकीच्या शाळेला सुट्टी लागली की आम्ही चौघं गाडीनं निघू. पहिला मुक्काम किनाऱ्यावर, दुसरा डोंगरात, तिसरा माळावर आणि शेवटी तुझं गाव.

घोडं अडलंय ते हॉटेलांपाशी. मी आणि बायको पंधरा दिवस शोधतोय. प्रत्येक हॉटेल म्हणे कुटुंबासाठी खास. एकात भिंतीवर हत्ती रंगवलाय, एवढाच त्यांचा खासपणा. तुझं आयुष्य या धंद्यात गेलंय, तेव्हा तूच सांग. बाथरूम पलंगापासून किती पावलांवर असावं? आत धरायला दांडा असतो का? पलंगाला कठडा लावून देतात का, गादीवर मेणकापड घालून देतात का, आणि सकाळी जादा चादर मागितली तर तोंड वाकडं करतात का? लहान मूल बरोबर असलं की हे सगळं बघावं लागतं.

आणि हो, तुझ्या गावातलंही एखादं बरं हॉटेल सुचव. तू काम करतेस ते नको, दुसरं. तुझं घर लहान, त्यात तुझी ड्युटी, उगाच तुला त्रास नको. फोनऐवजी दुकानाच्या पत्त्यावर पत्रच लिही. फोन वाजला की आई शेजारी येऊन बसते, मग काही ठरवता येत नाही.

लोभ आहे तेवढा राहू दे, हॉटेलं मात्र जास्त पाठव.

तुझा,
ढब्बू


दि. १४ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी पोटभर हसले. चाळिशी उलटली तरी भिंतीवरचे हत्ती मोजतोस. आता ऐक. शहाणपणा पाजळायची संधी मला रोज मिळत नाही.

फोटोतला पोहण्याचा तलाव बघू नकोस. फोटो काढणारा वर्षातून एकदा येतो, धूळ रोज येते. हॉटेलला सकाळी अकराच्या सुमाराला फोन कर. त्या वेळी जुनी माणसं खोल्या सोडत असतात, नवी दारात उभी असतात आणि आमची नुसती तारांबळ चाललेली असते. तेव्हाही जो नीट बोलेल, तो पोराला ताप आला तरी नीट बोलेल. दोन खोल्यांच्या मध्ये दार आहे का, पोराला अवेळी भूक लागली तर साधं ब्रेड-दूध मिळेल का, ते विचार. आल्यावर बघू म्हणाला तर फोन ठेवून दे. लिफ्टजवळची खोली घेऊ नकोस, चादरींच्या कोठीजवळची घे. तिथं कामाच्या बायकांची सारखी ये-जा असते, हाक मारली की कुणीतरी ओ देतं. किनाऱ्यावर गादी हातानं दाबून बघ, तिथं ओल धरते. डोंगरात गरम पाणी कधीपर्यंत येतं ते विचार. माळावर खिडकी घट्ट लागते का ते बघ, नाहीतर अंथरुणात वाळू.

आता माझा प्रश्न. तुझी लेक सात वर्षांची आहे. मागच्या सुट्टीत ती माझ्याकडे पाच दिवस राहिली. बाथरूममध्ये तिला कुणाची मदत चालत नव्हती आणि अंथरूण रोज सकाळी कोरडं ठणठणीत. मग कठडा कुणाला, दांडा कुणाला आणि मेणकापड कुणासाठी? अठरा वर्षं मी चादरी बघतेय रे. खोलीत कोण झोपून गेलं ते मला चादरीवरून कळतं.

आणि माझ्या गावात येऊन हॉटेल? घर लहान आहे, पण तुम्हाला जागा देऊन मी गॅलरीत झोपेन. ड्युटीचं म्हणशील तर पत्र वाचल्या वाचल्या रजा सांगून ठेवली आहे. या पत्रात तुझं अक्षर फार सुरेख आलंय. खोटं लिहायचं असलं की तू शाळेतसुद्धा असंच घोटून काढायचास. खरं काय ते कळव.

मनात राग नाही, काळजी आहे. ती मिटव.

तुझी,
ताई


दि. २१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पकडलंस. मेणकापड आईसाठी आहे.

ऑगस्टमध्ये ती जिन्यात पडली, तेव्हा तुला फक्त मुका मार लागल्याचं कळवलं होतं. तेव्हापासून तिचा तोल जातो, आणि झोपेत लघवीवर ताबा राहत नाही. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका काही नाही, पण आता हे सुधारेल असंही समजू नका. डोकं अगदी लख्ख आहे. तेच अवघड झालंय. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून, एक हात भिंतीला टेकवून, ती चादर स्वतः धुते. बायको एकदा हातातून घ्यायला गेली, तर दोन दिवस अबोला. आता आम्ही घरात न बघितल्यासारखं करतो, आणि आम्ही न बघितल्यासारखं करतोय हे तिला कळतं.

तुझ्या गावातलं हॉटेल ही तिची अट आहे. दिवसभर ताईकडे बसेन, पण तिच्या घरी झोपणार नाही म्हणते. हॉटेलात चादर काढणारी माणसं निदान परकी असतात, असं तिचं म्हणणं. तुला कळलं तर ती घरातून पाऊल उचलणार नाही. मला लेकीची शपथ घातली होती, ती मी आत्ता मोडली.

म्हणून हात जोडून सांगतो, तिला काही लिहू नकोस. दोन पावलं चालता येतायत तोवरच हा प्रवास होणार. या वर्षी राहिला तर राहिलाच. आणि तुझी-तिची गाठही राहील.

रागाव, पण मायेत कमी करू नकोस.

तुझा,
ढब्बू


दि. २९ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन दोन दिवस फिरले. मग फोन करायला बसले.

तिन्ही ठिकाणची व्यवस्था झाली आहे. या धंद्यात आम्ही बायका एकमेकींना ओळखतो. किनाऱ्यावर कोठीला लागून असलेल्या दोन खोल्या तुमच्या नावावर ठेवल्या आहेत, पलंग भिंतीला सरकवून देतील. डोंगरात माझ्या हाताखाली शिकलेली एक जण आहे. मेणकापड ती आधीच चादरीखाली घालून ठेवेल, कुणाला मागावं लागणार नाही. माळावर दोन रात्री घ्या, आईला सलग एवढा प्रवास झेपणार नाही. सगळीकडे सांगून ठेवलंय, आजींना काही विचारायचं नाही.

मी आईला लिहिणार नाही. पण तुला लिहिते, कारण कुणाला तरी लिहायलाच हवं. मला फार लागलंय. मी हॉटेलच्या ऑफिसात असते, असं आई अठरा वर्षं लोकांना सांगत आली आहे. परक्यांची अंथरुणं काढायला का तुला शिकवलं, असं ती पहिल्या दिवशी म्हणाली आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. ज्या कामापायी तिला माझी लाज वाटली, तेच काम मी तिच्यासाठी करावं हे तिला कसं सोसेल? मला कळतं ते. पण या हातांनी मी नवरा-नवरींच्या, दारुड्यांच्या, आजाऱ्यांच्या, तान्ह्या बाळांच्या चादरी उचलल्या आणि एकाही माणसाला कमी लेखलं नाही. माझ्या आईची तेवढी एक चादर मला वर्ज्य.

असो. माझ्या गावातलं हॉटेलही मीच बघून आले. तळमजल्यावरची खोली आहे, स्वच्छ आहे. तुम्ही आलात की संध्याकाळी मी तिथं येईन, पाहुण्यासारखी खाली बसून राहीन आणि आई बोलवेल तेव्हा वर जाईन. चुकले, तळमजलाच आहे, वर कुठं जाणार? बघ, डोकंच चालत नाही.

गाडी सावकाश चालव. सगळ्यांवर माया आहे, ती तुझ्या आठवणीत असू दे.

तुझी,
ताई


दि. २४ एप्रिल, माळावरून

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

प्रकृती माझ्या वयाला शोभेल अशी आहे. या हॉटेलची गाडी आज सामान आणायला तुमच्या गावी निघाली आहे, ड्रायव्हरच्या हाती हे पत्र देत आहे. फोनवर मला हे बोलता आलं नसतं.

आधी भूगोल. किनाऱ्यावरचं पाणी निळं नाही, चांगलं गढूळ आहे. समुद्र तपकिरी रंगवला म्हणून मी किती पोरांचे मार्क कापले असतील, देव जाणे. तेवढी मुलं बहुतेक जाऊन बघून आली होती.

डोंगरातल्या हॉटेलात सकाळी मी ओली चादर घडी करून मांडीवर घेऊन बसले होते. काय झालं ते तुला माहीत आहे, तेव्हा आडपडदा ठेवत नाही. एक बाई दार वाजवून आत आली. शिक्षकाच्या हातातून वह्या घ्याव्यात तशी तिनं माझ्या मांडीवरून चादर घेतली, आणि घेताना स्वतःच्या चष्म्याची दांडी कशी तुटली ते सांगत राहिली. मी चष्म्यात गुंतले तोवर नवी चादर घालून झालीसुद्धा. चारी कोपरे पाकिटासारखे दुमडलेले. माझी जुनी खोड, मी विचारलं की हे कुणी शिकवलं. म्हणाली, आमच्या बाईंनी. कोण बाई, कुठल्या गावच्या, असं मी एकेक विचारत गेले आणि ती सांगत गेली. अंथरूण खराब असलं तर माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही, दुसरंच काहीतरी बोलत राहायचं आणि चादर आधी उचलायची, असं त्यांच्या बाई नव्या मुलींना शिकवतात म्हणे. मग तिनं जीभ चावली. सगळा उलगडा मला तिथंच झाला.

ढब्बूवर मी अशी संतापले की पुढचा अख्खा घाट डोळे मिटून काढला. ज्या घाटासाठी आले तोच बघितला नाही. नात विचारत होती, आजी झोपली का. झोपले नव्हते, लाजत होते. चढ होता तोवर स्वतःच्या चादरीची लाज वाटत होती. उतार लागला तशी ती मागे पडली आणि दुसरीच लाज वाटायला लागली.

काल इथं जेवताना शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, मुलगी काय करते. ऑफिस हा शब्द सवयीनं ओठांवर आला होता. तो गिळला. सांगितलं की ती हॉटेलात खोल्यांचं काम बघते, अंथरुणं घालते, आणि कशी घालायची ते इतर बायकांना शिकवते. बाई बरं म्हणाल्या आणि सूप पिऊ लागल्या. एवढंच झालं. एवढ्यासाठी मी अठरा वर्षं खोटं बोलले.

तुझ्या गावातल्या हॉटेलची खोली रद्द करायला ढब्बूला सांगितलं आहे. उद्या दुपारपर्यंत पोचू. मी तुझ्या घरी झोपेन. तू गॅलरीत झोपणार होतीस हेही ढब्बूकडून काढून घेतलंय; तिथं कुणी झोपायचं नाही, माझ्याच खोलीत झोप. सकाळी मी चादरीला हात लावणार नाही. तू ती काढ, नवी घाल. मी खुर्चीत बसून बघेन. तुझं काम मी कधी बघितलेलंच नाही.

आईवर लोभ ठेवलास, तो आता उघड कर.

तुझी,
आई